सरावास परवानगी मिळणेबाबत

आमच्या भागातल्या ढोल-ताशा पथकाचे अर्ज मी लिहितो. मला ढोल वाजवता येत नाही, ताशाची काडी कशी धरतात हेही ठाऊक नाही. पण मी निवृत्त आहे आणि ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ हे न अडखळता लिहू शकतो. एवढ्या भांडवलावर पथकातली मुलं मला काका म्हणतात आणि जून उजाडला की कागद घेऊन दारात उभी राहतात. त्यात हिंजवडीला संगणकापुढे बसणारा एक आहे, सीएचा अभ्यास करणारी एक आहे, आणि एकाचं बारावीचं वर्ष आहे. त्याने पथकात नाव घातलंय हे त्याच्या घरी अजून कळायचंय.

अर्जाचा विषय ठरलेला : ढोल-ताशा वादनाच्या सरावास परवानगी मिळणेबाबत. एक प्रत पोलीस ठाण्यात, एक जागेच्या मालकाला, एक ‘असू द्या जवळ’ म्हणून. सोबत हमीपत्र, नावांची यादी आणि आधार कार्डांच्या झेरॉक्स. हा नमुना मुळात सभा-संमेलनांसाठी बेतलेला असावा, कारण त्यातले रकाने आमच्या अंगाला कुठेच बसत नाहीत. ‘प्रमुख पाहुणे’ या रकान्यात आम्ही निरंक लिहितो. ‘अपेक्षित प्रेक्षकसंख्या’ यात खरं लिहायचं तर एक कणीसवाला आणि त्याच्या गाडीखाली झोपणारी दोन कुत्री. ‘जबाबदार व्यक्ती’ हा रकाना आला की सगळी पोरं एकदम माझ्याकडे बघतात. घरच्यांची कटकट दोन तास तरी नको म्हणून जी पोरं संध्याकाळी पथकावर पळतात, त्यांनाच कागदावर पहिल्यांदा एक वडीलधारा शोधावा लागतो.

पुण्यातली ही पथकं जन्मली शाळांच्या अंगणात. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, नूमवि ही नावं घेतली की आजही जुने वादक ताठ उभे राहतात. आणि ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम उघडले तर शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. म्हणजे मूल जिथं जन्मलं तिथंच त्याने रडायचं नाही. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर वाद्य वाजवायचं नाही, हाही त्याच नियमांतला भाग, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजोबा अंथरुणाला खिळून आहेत. त्यांच्या खिडकीशी तीस-चाळीस ढोल एका ठेक्यात पडले की खाटेचे पाय हलतात, हे मी स्वतः पाहिलंय.

त्या मानाने कॉपीराइटचा कायदा प्रेमळ निघाला. १९५७ च्या त्या कायद्यात हौशी मंडळींसाठी चक्क मोकळीक आहे : हौशी संस्थेने पैसे न घेता प्रेक्षकांसमोर प्रयोग केला तर तो हक्कभंग धरत नाहीत. लग्नाची वरातसुद्धा धार्मिक विधीत धरून सोडून दिली आहे. आम्हाला अर्थात त्याची गरज पडत नाही. ताशाची तर्री कुणी रचली म्हणून मानधन मागायला अजून तरी कुणी आलेलं नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. वादन सगळ्यांना हवंय, सराव कुणालाच नको. आमच्या शेजारच्या सोसायटीचे सचिव जुलैत तक्रारीचा अर्ज देतात, तोही रीतसर, दोन प्रतींत. ऑगस्टमध्ये तेच गृहस्थ हसतमुखाने येतात. ‘‘आपल्या बाप्पाच्या मिरवणुकीला आपलंच पथक पाहिजे हं. घरचं आहे, जरा सुपारीचं बघा.’’ त्यांना कोण सांगणार, की तो एक तास नीट वाजावा म्हणून पावसाळाभर हे सगळं चाललेलं असतं? नव्या पोरांना आधी ढोल मिळतच नाही, टाळ्यांवर ठेका बसवायचा. मग कधीतरी ते धूड कमरेला बांधायला मिळतं आणि पहिल्याच दिवशी माकडहाडाची ओळख होते. दमट हवेत पान उतरतं. मग एकाने ढोलावर पाय रोवायचा, दुसऱ्याने दोरी ओढायची, आणि तिसऱ्याने ‘अजून, अजून’ म्हणायचं. हे तिसरं काम बहुतेक मीच करतो. बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळून आमची सीएवाली ताशावर बसली की तिच्या चेहऱ्यावर ताळेबंद जुळल्याचं समाधान दिसतं.

२०२४ साली तर कमाल झाली. ३० ऑगस्टला हरित लवादाने एका पथकात तीसच जण असावेत असा आदेश दिला. चतुर्थी सात सप्टेंबरला. शंभरावर पोरांतून तीस निवडायचे कसे? झेंडा नाचवणारा आवाज करत नाही, तर तो मोजायचा का? टोल देणारा एक धरायचा की अर्धा? पोरांनी रात्रभर याद्या केल्या आणि फाडल्या. १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली, तोवर अर्धा उत्सव झाला होता. मला विचाराल तर तीसच्या आकड्याने आजोबांची खाट हलायची थांबली नसती. तिसांची चार पथकं एकामागे एक उभी राहिली की हिशेब तोच. वेळ पाळणं आणि घरांपासून लांब जागा देणं, यानेच काय तो फरक पडेल.

जागा मात्र कुणी देत नाही. २०२५ मध्ये सरकारने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला, आनंद झाला. पण दर्जा पावसात भिजत नाही, ढोल भिजतात. वर पत्रा असलेली एखादी शेड दोन महिने मिळाली तर पोरं कुणाचाही सत्कार करायला तयार आहेत. वर्षाचे उरलेले दहा महिने ढोल ठेवायचे गोदाम भाड्याचं, टेम्पो भाड्याचा, आणि सुपारीचे पैसे पानं बदलण्यातच जातात. प्रोत्साहन म्हणून जे काही मिळतं ते शाल आणि श्रीफळ याच स्वरूपात. गेल्या वर्षीच्या नारळांच्या वड्या आमच्या घरी दिवाळीपर्यंत पुरल्या.

यंदाचा अर्ज द्यायला मीही पोरांबरोबर गेलो. टेबलामागच्या बाईंनी सगळा गठ्ठा शांतपणे चाळला, यादीतली नावं बोटाने मोजली, एका झेरॉक्सवर सही राहिलीय ते दाखवलं. मग आवकचा शिक्का मारता मारता आवाज जरा खाली आणून विचारलं, ‘‘तुमच्यात मुली घेता ना? माझी नववीत आहे. रोज डोकं खाते.’’

‘‘घेतो की,’’ आमची सीएवाली तत्परतेने म्हणाली आणि पिशवीतून एक छापील नमुना काढून बाईंपुढे ठेवला. ‘‘हे भरून द्या. दोन फोटो, आधारची झेरॉक्स आणि पालकांचं संमतिपत्र. दोन प्रतींत लागेल, मॅडम.’’