वधूपक्ष गैरहजर

पोरबंदरजवळ माधवपूर घेड नावाचं गाव आहे. रामनवमीपासून तिथे मेळा भरतो आणि श्रीकृष्ण-रुक्मिणीचं लग्न लागतं. लग्न जुनंच, पण २०१८ पासून केंद्र सरकारने त्यात लक्ष घातलं आणि नवरीकडची मंडळी थेट ईशान्य भारतातून येऊ लागली. रुक्मिणी अरुणाचलातल्या रोइंगजवळच्या भीष्मकनगरची, असं तिकडचे इदू मिश्मी लोक मानतात. कृष्णाने रुक्मिणीच्या भावाचे, रुक्मीचे केस कापले, म्हणून आम्हीही केस तसे कापतो, असं ते सांगतात. म्हणजे पुरावा त्यांनी डोक्यावर बाळगलाय. आपल्याकडे साधा सातबारा नाही.

तरी आपण पेटलो. रुक्मिणी आमची, विदर्भाची राजकन्या, वगैरे. मोबाइलवर दोन दिवस नुसता धुरळा. या संतापलेल्यांपैकी तिचं माहेर कौंडण्यपूर पाहिलेले किती, असं विचारून पाहिलं, तर विषय लगेच संत्र्याच्या भावाकडे वळला.

वादात भागवत आपल्या बाजूने आहे. कृष्ण एका रात्रीत रथाने विदर्भात पोचला, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. द्वारकेहून रोइंगला जायचं तर आज विमानं बदलता बदलताच रात्र सरेल. पण भागवत जपून काढलेलं बरं. नवरी लग्नाआधी नगराबाहेरच्या देवीला पायी गेली, हेही त्यातच आहे. कौंडण्यपूरला अंबिकेचं देऊळ आहे. गाव म्हणतं, तिचं हरण इथूनच झालं. अमरावतीला अंबादेवी आहे. शहर म्हणतं, छे, इथूनच. मधलं अंतर चाळीसेक किलोमीटर. लग्नाच्या शालूत, पायी! यावर आपल्या वाडवडिलांनी तोडगा काढला: भुयार. ती भुयारातून आली. मिटलं. अरुणाचलने पळवली म्हणून गळा काढायचा, आणि आपणच तिला केव्हाची जमिनीखालून जिल्ह्याच्या ठिकाणी आणून बसवलेली. तालुक्यात जे जे बरं असेल ते मुख्यालयी हलवायची ही खोड कलेक्टर कचेरीपेक्षा जुनी दिसते.

कौंडण्यपूर तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठावर. पलीकडे आर्वी तालुका. या गावाला पंचसतींचं माहेर म्हणतात: लोपामुद्रा, केशिनी, दमयंती, इंदुमती आणि रुक्मिणी. एक अगस्तीला दिली, एक सगराला, एक नळाला, एक अजाला, आणि पाचवीने सात श्लोकांचं पत्र धाडून स्वतःचं स्वतः जमवलं. एवढी मोठमोठी स्थळं मिळूनही माहेराकडे सासरच्या कुणी पाहिलं नाही. पाहतं ते माहेरच. इथून दर आषाढीला रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. परंपरा १५९४ पासूनची सांगतात. २०२१ मध्ये कोरोनामुळे दहाच मानाच्या पालख्यांना एसटीने पंढरीला नेलं, त्यांत ही होती. लेकीला भेटायला एवढा पल्ला तुडवणारं गाव, आणि त्या गावाला भेटायला चाळीस किलोमीटर न जाणारा जिल्हा!

जायचंच असेल तर देवळासोबत पांढरीचं टेकाडही बघा. डॉ. मोरेश्वर दीक्षितांनी १९६२ ते ६४ मध्ये इथे उत्खनन केलं आणि १९६८ मध्ये त्याचा अहवाल छापून आला. त्यांना रुक्मिणीच्या वडिलांचा, भीष्मकाचा राजवाडा सापडला नाही, रथाचं चाकही नाही. सापडले ते थर: महापाषाणकाळातल्या लोखंड वापरणाऱ्या माणसांपासून सातवाहनांपर्यंत, एकाच्या डोक्यावर दुसरा. रुक्मिणी झाली असो-नसो, इथे अडीचेक हजार वर्षांपूर्वी कुणीतरी काळ्या-तांबड्या भांड्यात भात-वरण नाहीतर जे काय असेल ते शिजवत होतं, हे नक्की. त्या भांड्यांची एक गंमत असते. उलटी ठेवून भाजत, त्यामुळे आतून नि काठाशी काळी, बाहेरून तांबडी. असं खापर बोटांत धरलं की कुंभाराच्या चाकाच्या रेघा नखाला लागतात. (खिशात घालू नका. पुरातत्त्वाचा कायदा आहे, आणि घरी नेऊन तुम्ही ते शेवटी कुंडीतच टाकणार.) पण या खापरावर ना नारळ फोडता येतो, ना सेल्फी चांगला येतो. त्यामुळे गाडी देवळाशी थांबते, दर्शन होतं, नदीवर पाय बुडवले जातात आणि टेकाड गाडीच्या काचेतून उजवीकडे का डावीकडे ते कळायच्या आत मंडळी कुऱ्ह्याच्या रस्त्याला लागलेली असतात.

सगळ्या कथेत मला रुक्मीचंच कौतुक वाटतं. बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात, म्हणजे याच कौंडण्यपुरात, पाऊल टाकणार नाही, अशी प्रतिज्ञा करून तो कृष्णामागे धावला, हरला, भादरून घेतलं आणि शब्दाला जागून माघारी फिरलाच नाही. बाहेरच भोजकट नावाचं नगर वसवून राहिला. ते भोजकट म्हणजे अमरावतीजवळचं भातकुली, असं मानतात. दुसऱ्या प्रवरसेन राजाच्या चम्मक ताम्रपटात भोजकट राज्याचं नाव कोरलेलं आहे. रुक्मी जाऊन युगं लोटली. पण कुंडिनपुरात पाऊल न टाकण्याची त्याची प्रतिज्ञा अमरावतीकर अजून इमानाने पाळताहेत.