अजून थोडं आवळा

नवी गाडी दारात आली की तिचे सगळे लाड होतात. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं, चाकाखाली लिंबं चिरडली जातात, डॅशबोर्डावर गणपती बसतो, आणि शेजारचे काका ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ एवढं विचारून पेढा घेऊन जातात. या मानपानात इंजिनाच्या एका कडेला, झाकणाआड बसलेल्या रबरी पट्ट्याची आठवण कोणालाच होत नाही. टाइमिंग बेल्ट त्याचं नाव. तो दिसत नाही, सहसा आवाज करत नाही, आणि दसऱ्याला त्याच्या वाट्याला झेंडूचं एक फूलही येत नाही. तुटतो तेव्हा मात्र घाटातच तुटतो, अशी त्याची ख्याती आहे. आणि मग गाडी काही दिवस मालकाची न राहता गॅरेजवाल्याची होते.

त्याचं काम सांगायला सोपं आहे. खाली पिस्टनांनी फिरणारा क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की वर व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एकदा फिरला पाहिजे. म्हणून वरच्या पुलीला खालचीच्या दुप्पट दात असतात, आणि पट्ट्यालाही आतून दात असतात. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो, आणि हे सगळं पिस्टनची ये-जा सांभाळून. पट्टा एखादा दात सरकला तर गाडी ओढत नाही, कुरकुरते. पार तुटला तर काही इंजिनं नुसती बंद पडतात. काहींत मात्र वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आपटतो. तिथे आधी व्हॉल्व्ह वाकतात आणि मग, बिलाचा आकडा ऐकून, मालक.

अ‍ॅम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या पोटात या कामाला लोखंडी चेन होती. 14 डिसेंबर 1983 रोजी पहिली मारुती 800 गिऱ्हाइकाच्या हातात पडली, आणि तिच्या तीन सिलिंडरच्या छोट्या इंजिनाबरोबर रबराचा दातेरी पट्टाही आपल्या गल्लीबोळांत शिरला. चेनवर हयात गेलेल्या मिस्त्र्यांनी ‘रबरावर इंजिन चालणार?’ म्हणून भुवया उंचावल्या असतील तर त्यांचा दोष नाही. पण पट्टा तोवर जगात बराच रुळला होता. अमेरिकेत 1940च्या दशकात तो आला शिलाई मशीनसाठी: वरची सुई आणि खालचा धागा एका ठेक्यात चालावेत म्हणून. मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीच्या इंजिनात त्याला कॅम फिरवायला बसवलं ते 1962 साली बव्हेरियातल्या ग्लास या छोट्या कंपनीने, आपल्या 1004 या गाडीत. आत काचेच्या तंतूंचे दोर, वर रबर, दातांवर नायलॉनचं कापड. तेल नको, खडखडाट नाही, किंमत कमी. मागणं एकच: मुदतीत बदला, आणि बदलताना नीट ताणा.

‘नीट’ या शब्दापाशीच सगळे मतभेद सुरू होतात.

खुणा जुळवण्यात मतभेदाला जागा नाही. पुलीवर एक खूण, इंजिनाच्या अंगावर एक. जुळल्या तर जुळल्या. पण पट्टा किती ताणायचा, याला डोळ्यांना दिसेल अशी खूण जुन्या इंजिनांवर नसते. इथे मालक पुढे सरसावतो. एरवी तो स्टुलावर बसून पेपर वाचत असतो, स्पार्क प्लगबद्दल त्याला मत नसतं, पण पट्टा त्याला कळतो. तो वाकून बोटाने पट्टा दाबून पाहतो, पट्टा जरासा हलतो, आणि मालक म्हणतो, ‘मिस्त्री, सैल वाटतोय. अजून थोडं आवळा.’

हा आपला जुना सद्गुण आहे. घट्ट म्हणजे भक्कम आणि सैल म्हणजे बेजबाबदार, हे आपण बाराखडीबरोबर शिकलेलो असतो. नळ बंद करायचा तर वायसर दबून मरेपर्यंत. गाठ मारायची तर सोडायला सुरी लागेल अशी. ज्याने आवळलं त्याने काळजी घेतली. ज्याने जरा सैल सोडलं त्याचं कामात लक्ष नव्हतं. मिस्त्रीलाही हे ठाऊक असतं. गिऱ्हाइकासमोर घाम गाळून पान्याला दिलेला शेवटचा हिसका मजुरीच्या आकड्याला मोठा आधार देतो.

पट्ट्याला मात्र ही काळजी सोसत नाही. जास्त ताणला की तो शीळ घालायला लागतो, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबाल तसा शिळेचा स्वर चढतो. पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या बेअरिंगवर रात्रंदिवस भार येतो. ज्या इंजिनांत पाण्याचा पंप याच पट्ट्यावर चालतो तिथे पंपाचं बेअरिंगही झिजतं, आणि काही महिन्यांनी गाडीखाली पाण्याचे थेंब दिसतात. तेव्हा दोष पंपाच्या कंपनीला मिळतो, आवळणाऱ्याला नाही. उलट पट्टा फार सैल राहिला तर झाकणावर चापट्या मारतो, आणि एखाद्या थंड सकाळी स्टार्टर मारताना पुलीवरून दात उडी घेतो. म्हणजे दोन्हीकडे तोटा आहेच. फरक इतकाच की सैलपणाची तक्रार लवकर ऐकू येते, आणि अति घट्टपणाची फार उशिरा, तीही दुसऱ्याच कोणाच्या नावाने.

त्यात एक गंमत आहे. इंजिन तापलं की फुगतं, विशेषतः अ‍ॅल्युमिनियमचा हेड. वरची आणि खालची पुली एकमेकींपासून किंचित दूर जातात. पट्ट्यातले काचेचे तंतू ताणले जात नाहीत, त्यामुळे पट्टा आपोआप घट्ट होतो. म्हणून ताण लावायचा तो इंजिन गार असताना, आणि गार इंजिनावर बरोबर लावलेला पट्टा बोटाला थोडा सैलच लागतो. मालकाला खटकणारी ती ढील पुढच्या प्रवासाची तरतूद असते. आवळून ती काढून घेतली की चढावर तापलेल्या इंजिनाला फुगायला जागा उरत नाही.

मग मोजायचं कसं? पूर्वापार चालत आलेली रीत अशी: पट्ट्याचा जो भाग दोन पुलींमध्ये सर्वांत लांब सरळ धावतो, त्याच्या मध्यावर अंगठा आणि तर्जनी यांत पट्टा धरायचा आणि पिळायचा. पाव फेरी, म्हणजे काटकोन, इतका पिळला गेला की ताण जमला. अधिक वळला तर सैल, त्याआधी अडला तर घट्ट. रीत सोपी आहे, फुकट आहे, आणि तिचा सगळा भरवसा अंगठ्यावर आहे. तालमीत वाढलेला कोल्हापूरचा अंगठा आणि बँकेत नोटा मोजून झिजलेला अंगठा यांचा काटकोन एकच निघेल अशी हमी कोणी देत नाही. शिवाय पट्ट्याची रुंदी बदलली की हिशेब बदलतो.

अंगठ्यांचं हे राजकारण मिटवायला अभियंत्यांनी जे यंत्र आणलं ते आपल्या मंडळींना फार आवडावं. पट्टा बोटाने छेडायचा, यंत्राचा कान जवळ धरायचा, आणि सेकंदाला किती कंपनं होतात ते वाचायचं. कंपनीच्या पुस्तकातला आकडा आला की झालं. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांना यात नवं काही वाटणार नाही; तारेची लांबी आणि वजन तेच राहून ताण चौपट झाला की स्वर बरोबर एका सप्तकाने चढतो, हा नियम तारेला आहे तसाच पट्ट्यालाही लागू आहे. आणि खुंटी जास्त पिळली म्हणून तंबोरा जास्त सुरेल झाला, असं कुठल्याही गवयाने आजवर म्हटलेलं नाही. तिथे आपण चढ्या तारेला बेसूर म्हणतो. गॅरेजात त्याच चुकीला मजबुती म्हणतो.

पण मला सगळ्यांत शहाणी वाटते ती मारुती 800च्या पिढीतल्या सुझुकी इंजिनांची साधी रीत. टेन्शनरला एक छोटी स्प्रिंग असते. बोल्ट सैल ठेवायचा, म्हणजे स्प्रिंग आपल्या ताकदीने टेन्शनर पट्ट्यावर टेकवते. मग पाना लावून क्रँक हाताने, इंजिनाच्या फिरण्याच्याच दिशेने, दोन पूर्ण फेरे फिरवायचा. दोन फेऱ्यांत कॅमचा एक फेरा होतो, पट्ट्याचे दात पुलीत बसतात, आणि इकडेतिकडे लपलेली ढील टेन्शनरच्या बाजूला गोळा होते. खुणा पुन्हा पाहायच्या आणि बोल्ट आवळायचा. बोल्ट आवळायचा, पट्टा नव्हे. त्यानंतर स्प्रिंगही निवृत्त.

कंपनीचं पुस्तक तर आणखी एक पायरी सांगतं: हे करण्याआधी व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरचे स्क्रू पूर्ण सैल करा. कारण व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला ढकलत असतात, पट्ट्याची एक बाजू उगाच ओढली जाते, आणि टेन्शनरच्या स्प्रिंगची फसगत होते. म्हणजे ताण नीट लागावा म्हणून आधी आजूबाजूचे दबाव काढायचे, मग स्प्रिंगला तिचं काम करू द्यायचं. ही पायरी वेळखाऊ आहे, तेव्हा ती सर्रास गाळली जाते. पण खरी अडचण वेळेची नाही. बोल्ट आवळण्याआधीच्या त्या घटकेला हात आवरणं फार जड जातं. मिस्त्री टॉमी लावतो, टेन्शनर अजून एक सूत दाबतो, मालक समाधानाने मान डोलावतो, आणि स्प्रिंगने जमवलेला हिशेब दोघं मिळून मोडतात.

पुढे कंपन्यांनी माणसांचा हा स्वभाव ओळखला. टेन्शनर स्वतःच ताण सांभाळू लागले. काहींवर काटा आला, तो खाचेत आणला की बोलणं संपलं. मारुतीसह अनेकांनी पुढच्या इंजिनांत पुन्हा चेन आणली. आता नव्या गाडीचा मालक ‘आमची चेनवाली आहे’ असं छाती फुगवून सांगतो. सांगू दे. पट्टेवाल्या गाड्या रस्त्यावर अजून पुष्कळ आहेत.

आपली तशी असेल तर एवढं करा. पट्टा किलोमीटरवर बदला तसाच वर्षांवरही बदला; उभ्या गाडीतही रबर म्हातारं होतं. पट्ट्याबरोबर टेन्शनरही नवा घाला. गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजात सोडा, म्हणजे सकाळी इंजिन गार मिळेल. आणि मिस्त्रीने शेवटच्या बोल्टला पाना लावला की कोपऱ्यावर चहाला जा. त्या वेळी तुमच्या गाडीला तुमची सगळ्यांत मोठी मदत तीच.