तळ्यात की मळ्यात? गुरुजींसाठी आहारशिक्षणाचं सोपं तंत्र

बेल्हे गावातल्या पोरांना भाज्या ओळखायला शिकवण्याआधी गुरुजींनी स्वतःची परीक्षा घ्यावी. चित्रकार्डांच्या संचात ब्रोकोली असते आणि समोरच्या चौथीतल्या पोराला मेथीच्या जुडीचा कालचा भाव पाठ असतो. संच कपाटात ठेवावा. कुलूप लावावं, पुढेमागे हिशेब मागतात.

खेळ आपलाच घ्यावा, तळ्यात-मळ्यात. मैदानावर फक्कीनं रेघ मारावी. रानातून ताटात येतं ते मळ्यात, तेलातून येतं ते तळ्यात. इतका सोयीचा नियम दुसऱ्या कुठल्या भाषेत बसला नसता. ‘गवार’ म्हटलं की मळ्यात उडी, ‘शेव’ म्हटलं की तळ्यात. इथवर सुरळीत चालतं. ‘कांदाभजी’ मात्र म्हणू नये. निम्मा वर्ग रेघेवर फेंगडा उभा राहतो आणि ज्याच्या घरी कांद्याची बराक भरलेली आहे तो विचारतो, “कांदा आमचाच हाये गुरुजी, मग?”

सोमवारी खेळ घेऊच नये. त्या दिवशी आठवडे बाजार. कुणाचं लक्ष बैलबाजारात, कुणाचं जिलेबीत, आणि उरलेल्यांचं लक्ष गुरुजींच्या घड्याळात.

पुढचा खेळ मोजमापाचा. 2020 च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जादा चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकता येत नाहीत. पोरांच्या हाती टेप द्यावा. पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा नेमक्या किती मीटरवर लटकतात, ते पोरं टेप न उलगडता सांगतात. ‘लांबी’ हा घटक पूर्ण झाला, असं टाचणवहीत लिहून टाकावं.

शालेय पोषण आहारातून पाचवीपर्यंतच्या मुलाला 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. हे आकडे पोरांना सांगायच्या भानगडीत पडू नये. ती फक्त खिचडी पातळ आहे की घट्ट, एवढंच बघतात, आणि त्यांचं सहसा चुकत नाही.

शेवटी गृहपाठ द्यावा: काल रात्री घरी काय जेवलात? वह्या मात्र एकट्यानं तपासाव्यात. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘गवार टेम्पोनं वाशीला गेली. आम्ही चटणी-भाकर खाल्ली. आई दमली होती म्हणून सकाळी तिनं पाच रुपये दिले.’

तिला तळ्यात उभं करायचं की मळ्यात, याबद्दलचं परिपत्रक अजून आलेलं नाही.