घुमट मावत नाही

फ्लोरेन्समध्ये कॅमेरा घेऊन फिरणाऱ्याचं पहिलं भांडण होतं ते कॅथेड्रलच्या घुमटाशी. ब्रुनेलेस्कीने तो १४२० ते १४३६ या काळात बांधला, तोही जमिनीपासून लाकडी आधार न उभारता. एवढी अक्कल लढवली गेली, पण फोटो काढणाऱ्याला चार पावलं मागे सरकता यावं म्हणून जागा सोडायचं कुणाच्या मनात आलं नाही. मी मागे सरकत भिंतीला टेकलो, मग गुडघ्यांवर आलो, शेवटी फरशीवर उताणा झालो. तरी घुमट अर्धाच आला.

“आणि मी?” बायको म्हणाली.

तिची अट साधी असते. मागचं जे काही जगप्रसिद्ध असेल ते पूर्ण यावं, पुढे ती पूर्ण यावी आणि त्यातल्या त्यात ती बारीक दिसावी.

कॅथेड्रलच्या दक्षिण बाजूला खुद्द ब्रुनेलेस्कीचा पुतळा बसवलाय. हातात नकाशा, मान वर, नजर घुमटावर. लोक म्हणतात, स्वतःच्या कामाकडे अभिमानाने बघतोय. माझ्या मते तोही फ्रेमच शोधतोय. कारण या गृहस्थाला फ्रेमचं वेड होतंच. याच चौकातल्या बाप्टिस्टरीचं त्याने एक चित्र रंगवलं आणि त्याला भोक पाडलं. चित्राच्या मागून भोकाला डोळा लावायचा आणि समोर आरसा धरून त्यातलं प्रतिबिंब पाहायचं. आकाश त्याने रंगवलंच नाही. तिथे चकचकीत चांदी लावली, म्हणजे खरे ढग त्यात उतरावेत. माझ्या फोटोंत आकाश कायम पांढरंफटक येतं. सहाशे वर्षांपूर्वी हा प्रश्न सुटलेला होता, हे कळल्यावर त्या पुतळ्याकडे माझ्याने नीट बघवेना.

फोटोंच्या बाबतीत या गावाचा अनुभव दांडगा आहे. अलिनारी बंधूंनी १८५२ मध्ये इथे छायाचित्रांचा व्यवसाय सुरू केला. त्या काळातल्या फोटोंत कॅथेड्रलचं तोंड कोरं दिसतं, कारण आज आपण ज्याच्यापुढे दात काढून उभे राहतो तो पांढरा-हिरवा-गुलाबी दर्शनी भाग १८८७ मध्ये पुरा झाला. शिवाय तेव्हा एक्स्पोजर इतकं लांब असायचं, की चालती माणसं फोटोत उमटायचीच नाहीत. चौक आपोआप रिकामा. ही सोय आमच्या मोबाइलमध्ये का नाही, असा माझा कंपन्यांना सवाल आहे.

डेव्हिडचं प्रकरण वेगळं. मूळ पुतळा १८७३ मध्ये अकादमीत हलवला, तो पूर्वी उभा होता त्या चौकातली प्रत १९१० ची, आणि टेकडीवरच्या पियाझाले मिकेलांजेलोवर काशाची आणखी एक. नातेवाइकांच्या ग्रुपवर मी तिन्ही पाठवले, पण ग्रुपवर आजी-आजोबा असल्याने कमरेपर्यंतच. मामांनी तिन्हींना सारखाच अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं, “पाय कुठायत?”

पाँते वेक्कियो हा पूल १३४५ चा. त्यावर पूर्वी खाटकांची दुकानं होती. वासाला कंटाळून ड्यूकने १५९३ मध्ये त्यांना हुसकलं आणि सोनारांना बसवलं. १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी शहरातले बाकी सगळे पूल उडवले, हा एकटा राखला. इथला फोटो शेजारच्या पुलावरून काढायचा असतो, सोनारांच्या दुकानांपासून लांब. त्यात सौंदर्यदृष्टी किती आणि खिशाची काळजी किती, ते सांगत बसत नाही.

पुलाचा फोटो ग्रुपवर पडला आणि कोल्हापूरच्या आत्याचा फोन आला. “आमच्या राजाराम महाराजांची छत्री तिथंच आहे की रे. ती सोडून पूल काय दाखवाय लागलायस?”

खरंच आहे. विलायतेहून परतताना दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, या गावात वारले. दहनाची इथे रीत नव्हती; खास परवानगी मिळाली आणि आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अग्नी दिला गेला. तिथे १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँटचा, म्हणजे पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्याने रेखला त्याचाच. आतला रंगीत अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. जवळच्या आधुनिक पुलालाही ‘इंडियानो’ असंच नाव पडलंय.

आम्ही गेलो तेव्हा तिथे एक सायकलवाला आणि त्याचा कुत्रा सोडून कुणी नव्हतं. रांग नाही, तिकीट नाही, ‘जरा बाजूला व्हा’ नाही. मागे सरकायला अख्खी बाग. छत्री कळसापासून पायथ्यापर्यंत आली, महाराज आले, बायको पायातल्या चपलांसकट आली. बारीक दिसण्याचं कलम तेवढं अजून वादात आहे.

तेव्हा फ्लोरेन्सला जाणार असाल तर घुमटासाठी फरशीवर लोळू नका. पोस्टकार्ड घ्या, त्यात तो पूर्ण असतो. वाचलेला वेळ छत्रीला द्या. ती कॅशिने बागेच्या पार पश्चिम टोकाला आहे आणि ट्राम तिथवर जात नाही, म्हणून चालायचे बूट घाला. आणि कोल्हापूरकर आत्या असेल तर पहिला फोटो तिला पाठवा, ग्रुपवर नंतर.