कर्ज काढावं तर तुमच्यासारखं!

माननीय केंद्रीय अर्थमंत्री महोदया,


मी नवीन पनवेलचा एक साधा कर्जदार. गेल्या महिन्यात पगार लांबला, खात्यात पैसे कमी पडले आणि घराचा हप्ता बाऊन्स झाला. बँकेने दंड लावला. शाखेत जाऊन म्हटलं, हप्ता भरण्यापुरतं छोटं कर्ज द्या. काउंटरवरचा पोरगा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "काका, कर्ज फेडायला कर्ज कोण देतं? सिबिल बघा आधी तुमचा."

कोण देतं? मला लगेच तुमची आठवण झाली.

2025-26 च्या अर्थसंकल्पात तुम्ही 15.69 लाख कोटींची तूट मांडलीत. म्हणजे जवळजवळ तेवढंच नवं कर्ज. आणि जुन्या कर्जाचं व्याज? 12.76 लाख कोटी! शंभर रुपये उसने आणायचे आणि त्यातले एक्क्याऐंशी व्याजापायी मोजायचे. मुद्दल तसंच. संरक्षणाला 6.81 लाख कोटी, म्हणजे सीमेपेक्षा व्याज राखायलाच जवळपास दुप्पट खर्च. तरी तुमचा सिबिल कुणी काढत नाही. उलट ठेवींतले शंभरातले अठरा रुपये मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवणं त्याच बँकेला बंधनकारक आहे. मला नकार, तुम्हाला सक्तीचा होकार. 2023 पासून तर पन्नास वर्षांचे रोखेही निघालेत. 2073 साली ते फेडणाऱ्या अर्थमंत्र्यांचा बहुधा अजून जन्म व्हायचाय.

शिरढोण आमच्या पनवेलपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी 1879 च्या बंडात सावकारांवर धाडी घातल्या होत्या. आज धाड घालायची तर कुणावर? सावकार आम्हीच! आमच्या ठेवी, आमचा पीएफ, आमचे एलआयसीचे हप्ते तुमच्या रोख्यांत, आणि त्यांचं व्याज तुम्ही देता आमच्याच करातून. शेजारच्या निवृत्त मास्तरांचा महिना या व्याजावर चालतो. ते एक दिवस थांबलं तर पहिली बोंब आमच्याच सोसायटीत उठेल. म्हणून खरं सांगतो, तुमची कीवही येते. आधीच्यांनी काढलेलं फेडायचं, कोविडच्या सालात जीडीपीच्या 9.2 टक्क्यांवर गेलेली तूट निस्तरायची, आणि निवडणूक आली की फुकटाच्या घोषणा हसतमुखाने ऐकायच्या.

पण रेल्वे-रस्त्यांसाठी कर्ज काढलं तर मी तोंड उघडणार नाही. या 15.69 लाख कोटींतले 5.24 लाख कोटी निव्वळ महसुली तुटीत, रोजच्या खर्चात जाणार होते, त्याचं काय? किराणा उधारीवर भरणाऱ्याला आमच्याकडे दुकानदारसुद्धा चारचौघांत सुनावतो. तुम्हाला मात्र बाकं वाजवून दाद मिळते!

2018 साली तुमच्याच सरकारने कायद्यात लिहिलं होतं, की केंद्राचं कर्ज 2024-25 अखेर जीडीपीच्या 40 टक्क्यांच्या वर राहणार नाही. ते साल उजाडलं आणि आकडा 57 च्या घरात. आता नवा वायदा मार्च 2031 चा, 50 टक्क्यांचा, एखादा टक्का इकडे-तिकडे. मधल्या काळात तुम्हाला दंड नाही, नोटीस नाही, वसुलीचा फोन नाही.

निदान या खेपेला तारीख वाढवून मागू नका.

आपला,
एक हप्तेकरी,
नवीन पनवेल