४१५ चा वरचा मजला

आगरकर म्हटलं की मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला गोपाळ गणेशच आठवतात, आणि गोपाळ गणेश म्हटलं की त्यांची ती प्रेतयात्रा. सुधारणेच्या गोष्टी फार बोलतात म्हणून पुण्यातल्या सनातन्यांनी ती त्यांच्या जिवंतपणीच काढली आणि आगरकरांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, असं सांगतात. त्यामुळे १५ सप्टेंबर २०२३ ला अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला, आगरकर चौकात, बेस्टच्या शेवटच्या जुन्या डबलडेकरला हारफुलांनी सजवून निरोप दिला गेला, तेव्हा जागा अगदी नेमकी सापडली असं मला वाटलं. बस धडधाकट चालत होती आणि तिचे दिवस घालणं चालू होतं. फरक इतकाच, की इथली गर्दी प्रेमापोटी जमली होती.

बस होती ४१५ नंबरची. आगरकर चौक ते सीप्झ. मुंबईत दुमजली ट्राम १९२० पासून होती. बस पहिल्यांदा धावली १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. (ऐन जुलैत नवी बस सुरू करणाऱ्यांच्या हिमतीला दाद द्यायला हवी.) अकरा वर्षांनी, १९३७ साली, तिच्यावर मजला चढला. मुंबईची रीत तेव्हापासूनची: आडवी जागा संपली की उभं बांधायचं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अशा नऊशेच्या आसपास गाड्या होत्या. मधल्या काळात एक विचित्र जातही होऊन गेली. तिचं इंजिन आणि ड्रायव्हरची केबिन पुढे वेगळी असायची आणि दुमजली बस तिला मागून जोडलेली. चालत्या गाडीत ड्रायव्हरशी बोलू नये, ही सूचना शंभर टक्के पाळली गेली असेल तर ती याच बसमध्ये.

मग उतरती कळा लागली, आणि तिचं कारण वरचा कंडक्टर. खाली एक, वर एक आणि ड्रायव्हर तिसरा, अशी तीन माणसं एका गाडीमागे. हिशोब करणाऱ्यांना हे खटकणारच. पण वरच्या कंडक्टरला काढणार कसं? जिना चढून-उतरून एकच माणूस तिकिटं फाडू लागला, तर सीप्झ येईपर्यंत अर्धी बस फुकट गेलेली असायची. शेवटी कंडक्टरला काढता येत नाही म्हणून त्यांनी मजलाच काढला.

आता, डबलडेकर म्हटलं की लोकांना मरीन ड्राइव्ह आठवतो, सिनेमातली गाणी आठवतात. पण जीव धरून ती शेवटपर्यंत तगली कुठे, तर अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत. माझा आपला एक कयास आहे. डबलडेकरची खरी अडचण म्हणजे मधल्या स्टॉपवर उतरणारा माणूस. तो वरून ‘थांबा, थांबा’ करत, पिशवी सावरत, लोकांच्या पायांवर पाय देत जिना उतरेपर्यंत बस दोनदा सुटून दोनदा थांबते. ४१५ ला तो त्रास कमी. सकाळी सगळे स्टेशनवर चढणार, सगळ्यांना सीप्झला उतरायचं. संध्याकाळी उलट. अशा बसला दोन मजले शोभतात.

सीप्झचीही गंमतच आहे. नाव सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्सपोर्ट प्रोसेसिंग झोन, पत्ता अंधेरीचा. १९७३ साली सुरू झालं ते परदेशी पाठवायचा इलेक्ट्रॉनिक माल बनवायला. पुढे दागिने आणि हिरेही आले. म्हणजे ४१५ च्या वरच्या मजल्यावर डबा मांडीवर घेऊन पेंगणाऱ्या माणसाच्या हाताखालून दिवसभर अमेरिकेला जाणारी हिऱ्याची अंगठी जायची, आणि तो मात्र सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी वाद घालायचा. २०१९ मध्ये बेस्टने किमान तिकीट पाच रुपयांवर आणलं, तेव्हा कुठे हा वाद जरा निवला.

अंधेरीहून पूर्वेकडे जायचा प्रश्न तसा जुना. फार थोड्यांना ठाऊक असतं, पण अंधेरीहून कुर्ल्यावरून ट्रॉम्बेला चक्क रेल्वे जात असे. १९२८ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंद. रूळ गेले, पुढे त्या बाजूला विमानं उतरू लागली. सहा वर्षांत गुंडाळलेल्या रेल्वेपुढे डबलडेकरने काढलेला काळ मोठाच म्हणायचा.

आणि त्या काळातली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे वरच्या मजल्यावरची सगळ्यात पुढची सीट. तिच्यावर हक्क कायद्याने लहान मुलांचा. ती हवेत स्टिअरिंग धरून बस चालवायची. पण ऑफिसच्या वेळेला मुलं नसत, तेव्हा चाळिशी उलटलेली माणसं जिना चढताना एकाएकी वेगात येत. धावतोय असं दिसू द्यायचं नाही, पण पोचायचं पहिलं. बसल्यावर चेहरा असा, की आपण इथे केवळ वाऱ्यासाठी बसलो आहोत. झाडाची फांदी समोरच्या काचेवर सपकन आपटली की सगळे हिशोबनीस, स्टोअरकीपर, पॉलिशवाले एकाच वेळी मान खाली घालत. फांदी बाहेर आहे हे माहीत असूनही.

वरून शहर निराळं दिसायचं. दुकानांच्या पाट्यांच्या वर कोणीतरी राहतं, त्यांच्या खिडकीत तुळस आहे, एक आजी रोज त्याच वेळी शेंगा सोलते, हे खालच्या मजल्यावरच्या प्रवाशाला कधी कळलं नसतं. ट्रॅफिक जॅमचं मूळ कुठे आहे तेही दिसायचं; इलाज काही नव्हता, पण दोष कोणाला द्यायचा ते पक्कं व्हायचं. मुंबईत उंचावरून बघायला टॉवरमध्ये घर लागतं. इथे तो नजारा तिकिटातच यायचा. पावसाळ्यात मात्र एक पथ्य होतं. भरलेल्या बसमध्ये पुढची सीट रिकामी दिसली, तर जाणता माणूस तिथे बसत नसे. नवखा बसायचा, आणि पुढच्या ब्रेकला त्याच्या मांडीवर साठलेलं सगळं पाणी.

बस गेल्यावर अनेकांनी हळहळ व्यक्त केली. माझं निरीक्षण असं, की डबलडेकरवर सर्वात जास्त प्रेम करणारे लोक तिच्यामागे अडकलेल्या टॅक्सीत बसलेले असत. ४१५ च्या रोजच्या प्रवाशाला हळहळायला वेळ नव्हता. त्याला हजेरीची वेळ गाठायची होती. पंधरा वर्षं भरली की बस मोडीत, हा नियम. त्यात प्रेमाला कलम नाही.

तिच्या जागी विजेवरची वातानुकूलित डबलडेकर आली. २०२३ च्या फेब्रुवारीतच ती रस्त्यावर उतरली होती. दोन दारं, दोन जिने, धूर नाही, खडखड नाही. गाडी चांगलीच आहे, उगाच नावं ठेवणार नाही. फक्त काच उघडत नाही. फांदी आपटली तरी आवाज पोचत नाही, त्यामुळे कोणी मान खाली घालत नाही.

आणि सीप्झच्या माणसाला आता बस नसली तरी चालेल अशी सोय झाली आहे. डबलडेकर जाऊन जेमतेम वर्ष होतंय तोच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल अशी भुयारी मेट्रो सुरू झाली. सीप्झला स्टेशन आहे. म्हणजे अंधेरीला जिना चढून उंचावरच्या मेट्रोत बसायचं, मरोळ नाक्याला उतरायचं आणि जमिनीखालची गाडी पकडायची. वरचा मजला आणि खालचा मजला, दोन्ही एकाच फेरीत. कंडक्टर एकही लागत नाही, हिशोबवाले खूश असतील. फक्त मरोळ नाक्याचा जिना जरा लांब झालाय.