‘कॉस्मेटिक’ असा शेरा मारणाऱ्या साहेबांस

माझ्या विमा क्लेमच्या फाइलवर शेरा मारणारे साहेब,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची रीत आहे. ‘सप्रेम’ मी गाळते आहे, नमस्कार तेवढा घ्या. तुमचं नाव मला ठाऊक नाही. नामंजुरीच्या पत्राखाली सहीसुद्धा नव्हती, ‘संगणकीय पत्र, सहीची आवश्यकता नाही’ एवढीच ओळ होती. पण शेरा संगणक मारत नाही. कुणीतरी माझा ७४ पानांचा गठ्ठा उघडला, ‘अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी’ हा शब्द वाचला आणि ‘कॉस्मेटिक’ लिहून गठ्ठा मिटला. ते कुणीतरी म्हणजे तुम्ही.

तुम्ही पुढची पानं उलटली नाहीत हे मी खात्रीनं सांगते. मी फोन केला तेव्हा पलीकडून प्रश्न आला, “मॅडम, पोट कमी करायलाच केलंत ना ऑपरेशन?” एकविसाव्या पानावर माझं वजन लिहिलंय, ५२ किलो. ५२ किलोच्या बाईच्या पोटात कमी करण्यासारखं काय असतं, हे विचारायलासुद्धा तुम्ही थांबला नाहीत.

तर आता मी सांगते आणि तुम्ही ऐका.

पोटाच्या मध्यभागी छातीच्या हाडापासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात. त्यांना एकमेकांशी जोडणारी एक पांढरी, चिवट पट्टी असते, तिला लिनिया अल्बा म्हणतात. गर्भ वाढतो तशी ती ताणते आणि पट्टे बाजूला सरकून मध्ये फट पडते. शेवटच्या महिन्यांत हे जवळजवळ प्रत्येक गरोदर बाईचं होतं. बाळंतपणानंतर बऱ्याचजणींचे पट्टे पुन्हा जवळ येतात, काहींचे येत नाहीत. नॉर्वेत ३०० पहिलटकरणींची तपासणी करून २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणाला वर्ष उलटल्यावरही साधारण तिघींतल्या एकीच्या पोटात ही फट होती. वैद्यकात तिला ‘डायस्टॅसिस रेक्टाय’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीच्या दहाव्या आवृत्तीत स्नायू विलग होण्याला एम ६२.० असा क्रमांक आहे. तो आहे स्नायू, हाडं आणि सांधे यांच्या आजारांच्या प्रकरणात. तोच क्रमांक माझ्या डिस्चार्ज कार्डावर पहिल्या ओळीत होता.

माझी जुळी मुलं सप्टेंबर २०१८ मध्ये झाली. दोघांचं मिळून वजन ५ किलो ३०० ग्रॅम. सव्वा महिना आईनं तिच्या जुन्या लुगड्याचा पट्टा करून माझं पोट रोज घट्ट बांधलं. त्या माउलीनं तिला येत होतं ते सगळं केलं. सहाव्या आठवड्याला तपासणीला गेले तेव्हा टाके पाहिले, बाळांची वजनं झाली, लोहाच्या गोळ्या मिळाल्या. माझ्या पोटावर कुणी बोट ठेवलं नाही. उताणं निजवायचं, गुडघे मुडपायचे, डोकं जरासं उचलायला सांगायचं आणि बेंबीच्या वर-खाली बोटं टेकून पाहायची, एवढीच ती तपासणी. अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट मला मिळालं साडेतीन वर्षांनी, पाठीसाठी म्हणून गेले त्या फिजिओथेरपिस्टकडे. तिनं बोटं ठेवली आणि ती चारही आत गेली.

त्या साडेतीन वर्षांचा हिशेब तुमच्या फॉर्मात कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून इथे मांडते. मी सांगलीजवळच्या एका शाळेत शिकवते. फळ्याच्या वरच्या कडेला तारीख लिहायला हात उंचावला की कमरेत कळ यायची. तिसऱ्या तासाला टेबलाचा आधार घ्यायचे, पाचव्याला खुर्ची. सकाळी गादीवरून सरळ उठायला गेले तर पोटाच्या मधोमध शेताच्या बांधासारखा उंचवटा उभा राहायचा, आणि त्याच्या दोन्ही बाजू खचलेल्या. पाण्याची कळशी उचलणं मी सोडून दिलं होतं. शिंक आली की वर्गात पाय जुळवून उभी राहायचे, कारण लघवीवर ताबा राहायचा नाही. आणि चौथीतल्या मुलीनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, “बाई, तुम्हाला पुन्हा बाळ होणार?” त्या लेकराचं काही चुकलं नाही. मोठ्या माणसांनी तेच लग्नामुंजीत विचारलं तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आता तुमच्या बाजूचंही एक सांगते, कारण मला खरं सगळं सांगायचंय. त्याच नॉर्वेच्या अभ्यासात फट असलेल्या बायकांची पाठ फट नसलेल्यांपेक्षा जास्त दुखते असं दिसलं नव्हतं. पाठदुखीची कारणं शंभर असतात. फट दिसली म्हणून प्रत्येकीनं ऑपरेशन टेबलावर जाऊन झोपावं, असं कुणी म्हणत असेल तर मी त्याच्याही विरुद्ध बोलेन. आधी व्यायाम. तोही वाटेल तो नाही. श्वासाबरोबर पोटाचा सर्वांत आतला स्नायू आणि ओटीपोटाचा तळ आवळायचा, कुशीवर वळून उठायचं, वजन उचलताना श्वास सोडायचा. मी आठ महिने केला, ३१ बैठका. सगळ्या पावत्या फाइलमध्ये आहेत. लघवीचा त्रास निम्म्यावर आला, फट ६.५ सेंटीमीटरवरून ५.२ वर आली आणि तिथेच थांबली. सोनोग्राफीचे दोन्ही रिपोर्ट तुमच्याकडे आहेत. पट्टीच इतकी ताणून पातळ झाली होती की तिला ओढ देऊन उपयोग नव्हता. फिजिओथेरपिस्टनं स्वतःच सांगितलं, “माझं काम इथे संपलं, आता सर्जनना दाखवा.”

मे २०२३ मध्ये, शाळेला सुट्टी लागल्यावर पुण्यात ऑपरेशन झालं. तुमच्या मनात अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी, म्हणजे ‘टमी टक’, म्हटल्यावर काय चित्र उभं राहतं कोण जाणे, म्हणून खरं काय होतं ते वाचा. पूर्ण भूल देतात. ओटीपोटावर एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवा छेद घेतात. कातडी आणि चरबीचा थर वर बरगड्यांपर्यंत सोडवून उचलतात. बेंबी तिच्या देठावर जागीच ठेवतात. मग स्नायूंवरचं आवरण दोन्ही बाजूंनी ओढून, वरपासून खालपर्यंत, न विरघळणाऱ्या धाग्यानं शिवतात. माझी शिवण दुहेरी घातली होती. मग कातडी खाली ओढून जास्तीची कापतात आणि बेंबीसाठी नवं भोक पाडतात. साडेतीन तास लागले.

नंतर दोन्ही बाजूंना नळ्या होत्या, त्यांत साचलेलं पाणी नवरा रोज मोजून वहीत लिहायचा. पहिले आठ दिवस कंबर सरळ करता येत नव्हती, वाकूनच चालत होते. पायात रक्ताची गाठ होऊन ती फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो, म्हणून दुसऱ्या दिवशीपासून उठवून चालवलं. सहा आठवडे पट्टा, सहा आठवडे काहीही जड उचलायचं नाही. साडेचार वर्षांची दोन पोरं “आई, घे” म्हणून हात पसरत होती आणि मी त्यांना पोटाशी धरू शकत नव्हते. बेंबीखालची कातडी अजून बधिर आहे. सुंदर दिसण्यासाठी एवढं सोसणाऱ्या बाईला मी नावं ठेवत नाही, शरीर तिचं आहे. पण मी त्यासाठी गेले नव्हते, आणि तुमच्याकडे तसा एकही पुरावा नव्हता.

शाळा सुरू झाली तेव्हा मी सहाही तास उभी राहिले. दिवाळीपर्यंत कळशी उचलायला लागले. शिंकेची भीती गेली. हे माझ्या एकटीचं नाही. ऑस्ट्रेलियात २१४ बायकांचा या ऑपरेशनपूर्वी आणि नंतर पाठपुरावा करून २०१८ मध्ये निष्कर्ष छापले गेले. पाठदुखी आणि लघवीची गळती दोन्ही सहा महिन्यांत खूप कमी झाली होती. त्या अभ्यासात ऑपरेशन न केलेल्या बायकांशी तुलना नव्हती, ही त्याची उणीव आहे आणि तीही मी तुम्हाला सांगते. पण त्या देशानं बायकांचं ऐकलं तरी. २०१६ मध्ये त्यांच्या सरकारी आरोग्य योजनेनं बाळंतपणानंतरचं हे ऑपरेशन यादीतून काढलं होतं. १ जुलै २०२२ पासून ते परत घेतलं. अटी कडक आहेत. फट किमान ३ सेंटीमीटर हवी आणि ती सोनोग्राफीसारख्या तपासणीत दिसायला हवी, दुखण्याची किंवा लघवीच्या त्रासाची नोंद हवी, फिजिओथेरपी करूनही गुण आलेला नको, बाळंतपणाला वर्ष झालेलं हवं. साहेब, मी यातली प्रत्येक अट पुरी करते. म्हणजे सांगलीऐवजी सिडनीत असते तर माझं पोट आजारी ठरलं असतं.

तुम्ही ज्याच्या आधारे मला नाकारलंत तो अपवाद मी शब्दन् शब्द वाचलाय. रूप बदलण्याच्या उपचारांचे पैसे मिळणार नाहीत, असं त्यात आहे. पण अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना चालते. आणि आरोग्याला असलेला प्रत्यक्ष व तात्काळ धोका दूर करायला उपचार आवश्यक असेल, तसं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलं असेल, तर तेही चालतं. माझ्या सर्जननी प्रमाणपत्र दिलं होतं, पान ३८. ‘तात्काळ’ या शब्दावर तुम्ही बोट ठेवाल. बाईची दुखणी तात्काळ नसतातच. ती घर झाडता झाडता, पोरं वागवता वागवता, वर्षानुवर्षं मुरतात. त्यांच्यासाठी तुमच्या कागदात शब्दच ठेवलेला नाही.

माझ्या चुलत दिरांचं बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन झालं, त्यांचा क्लेम चार दिवसांत मंजूर झाला. झाला ते योग्यच झालं, हर्नियात आतडं अडकून जीवावर बेतू शकतं. पण तेही त्याच पट्टीचं दुखणं. पट्टीला भोक पडलं तर तो आजार, आणि ती वरपासून खालपर्यंत उसवली तर ती हौस! ताणलेली पट्टी तशीच ठेवून नुसतं भोक शिवलं तर हर्निया पुन्हा होण्याची शक्यता वाढते, हे तुमच्या पॅनेलवरचा कुठलाही सर्जन सांगेल. विचारा त्यांना.

एक घाव अजून आहे. बिल झालं २ लाख ८० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५० हजार ४००. रुग्णाच्या उपचारावर सहसा जीएसटी लागत नाही. सौंदर्याच्या शस्त्रक्रियेवर लागतो. जन्मजात दोष, वाढीतला दोष, इजा किंवा आघात यांनी बिघडलेलं शरीर पूर्ववत करायचं असेल तर मात्र माफी आहे. हॉस्पिटलच्या अकाउंटंटला विचारलं, “दोन जीव वाढवताना पोटाचे स्नायू फाकले, ही इजा नाही का?” तो भला माणूस होता. म्हणाला, “ताई, सिस्टिममध्ये बाळंतपण इजेत येत नाही.”

‘मम्मी मेकओव्हर’ म्हणून, हसऱ्या मॉडेलचं पोट दाखवून हेच ऑपरेशन विकणाऱ्या जाहिरातींवरही माझा राग आहे. ‘कॉस्मेटिक’ हा शब्द त्यांनी तुमच्या तोंडात आयता दिला. पण जाहिरात वाचून फाइल निकालात काढायचा पगार तुम्हाला मिळत नाही.

हो, माझं पोट आता सपाट दिसतं. ते मला आवडतं आणि त्याची मला लाज वाटत नाही. मोडलेला पाय नीट जोडल्यावर सरळ दिसला, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञाचं बिल कुणी नाकारतं का? तरीही मी पहिल्याच अर्जात लिहिलं होतं की जास्तीची कातडी काढण्याचा खर्च वेगळा करा, तो मी भरते, स्नायू शिवण्याचा तुम्ही द्या. त्या ओळीला तुम्ही उत्तर दिलं नाहीत. ते उत्तर मला हवंय.

नामंजुरीचं पत्र येऊन सात महिने झालेत. विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत जाता येतं आणि तिथे फी पडत नाही. माझा अर्ज तयार आहे. त्याआधी ही फाइल तुम्ही पुन्हा उघडा, एकविसाव्या पानापासून अडतिसाव्यापर्यंत वाचा, आणि या वेळी शेऱ्याखाली तुमचं नाव लिहा.

कळावे,
एक पॉलिसीधारक

सोबत : सोनोग्राफीचे दोन रिपोर्ट, फिजिओथेरपीच्या ३१ पावत्या, सर्जनचं प्रमाणपत्र, आणि नळ्यांतलं पाणी रोज मोजून लिहिलेल्या वहीची झेरॉक्स.